शेवटच्या नऊ रात्री

रमजानच्या सत्ताविसाव्या रात्री मशिदीत पाय ठेवायला जागा नसते आणि त्याच पहाटे फजरला, म्हणजे पहाटेच्या नमाजेला, जेमतेम दीड सफ (रांग) भरते. बाळापूर-पातूरसारखे जुने कसबे घ्या, नाहीतर दहा-वीस मुस्लिम घरांचं खेडं, फरक नाही. रात्रभर जागणं झालं, नफिल (ऐच्छिक नमाजा) झाल्या, आणि फर्ज (सक्तीची) नमाज मात्र झोपेत गेली. सहीह मुस्लिम या संग्रहातली हदीस (पैगंबरांचं वचन) आहे की इशा (रात्रीची नमाज) जमातीनं, म्हणजे सगळ्यांसोबत, पढणाऱ्याला अर्धी रात्र इबादतीत उभं राहिल्याचा सवाब (पुण्य), आणि फजरही जमातीनं पढली तर पूर्ण रात्रीचा. म्हणून शेवटच्या अशऱ्याची (दहा दिवसांची) आखणी आम्ही या दोन नमाजांपासून करतो. त्या सांभाळून जे जमेल ते वरचं. त्या सोडून केलेलं जागरण घाट्याचं.

हिशेब नऊ रात्रींचा धरावा. दहावी मिळाली तर मिळाली. 2024 साली आपल्याकडे तीस रोजे झाले आणि ईद 11 एप्रिलला आली. 2025 साली एकोणतिसाव्या रोज्याला चाँद दिसला आणि 31 मार्चला ईद झाली. तिसाव्यासाठी राखून ठेवलेली तिलावत (कुरआनचं वाचन) त्या वर्षी राहूनच गेली. दुसरी गल्लत रात्र मोजण्याची. इस्लामी तारीख मगरिबला, म्हणजे सूर्यास्ताला, बदलते, म्हणून सव्विसावा रोजा सोडला की जी रात्र सुरू होते ती सत्ताविसावी. सत्ताविसावा रोजा धरून त्या रात्री जागणारे दर वर्षी भेटतात. ती अठ्ठाविसावी असते. एकविसावी रात्रही अशीच विसावा रोजा सोडताना येते. तेव्हा लोक अजून ‘उद्यापासून’ म्हणत असतात.

रात्री हाती लागतात त्या दिवस आधी आवरले म्हणून. मार्चअखेर आणि शेवटचा अशरा एकत्र आले की कसं होतं ते 2025 ला सगळ्यांनी पाहिलं. हरभरा सोंगून पडलेला, गव्हाला मळणीयंत्र मिळत नाही, सोसायटीचं कर्ज 31 च्या आत भरायचं, आणि घरातली लेकरं कपड्यांसाठी तालुक्याला चला म्हणून मागे लागलेली. ही कामं आपोआप मागे सरत नाहीत. कपडे, चपला, शेवया, सुकामेवा पंधराव्या रोज्याच्या आत आणावा. शेवटच्या आठवड्यात बाजारात गर्दी असते, भाव चढलेले असतात, आणि तिथून परत येईतो तरावीह (रमजानमधली रात्रीची लांब नमाज) निम्मी झालेली असते. जकातीचा (वर्षाच्या सक्तीच्या दानाचा) हिशेबही विसाव्या रोज्याआधी कागदावर उतरवून मोकळं व्हावं. घरातलं सोनं-चांदी, हातातली आणि बँकेतली रक्कम, दुकान असेल तर विक्रीचा माल, त्यातून देणं वजा. उरलेलं निसाबाच्या (जकात लागू होण्याच्या किमान मर्यादेच्या) वर असेल आणि निसाबाला वर्ष झालं असेल तर अडीच टक्के. चांदीचा निसाब 612.36 ग्रॅम, म्हणजे साडेबावन्न तोळे. हा हिशेब एकविसाव्या रात्री काढायला बसलं की ती रात्र आकडेमोडीत जाते.

ओलिताची शेती असेल तर मोटरीचं बघावं लागतं. शेतीपंपाची थ्री-फेज वीज कधी दिवसा, कधी रात्री. या दिवसांत संत्र्याची बाग किंवा उन्हाळी भुईमूग असेल तर पाणी सोडून चालत नाही. शेजारच्या वावरवाल्याला आधी सांगून पाळी बदलून घ्यावी. “चाचा, एवढे दहा दिवस माझं पाणी तुम्ही पाहा, पोळ्याच्या टायमाला तुमचं मी पाहतो,” असं म्हटलं तर नाही म्हणणारा पाटील क्वचितच. पाळी बदलली नाहीच तर वावरातही रात्र वाया जाऊ द्यायची नाही. वजूला (नमाजेआधी हातपाय-तोंड धुवायला) पाणी आहे, धुऱ्यावर कोरडी जागा आहे, किबल्याची (काबेची) दिशा दिवसा पाहून ठेवा. एका सरीला पाणी लावलं की ती भरेपर्यंत दोन रकात (नमाजेचा एक फेरा म्हणजे रकात) आरामात होतात. पायात बूट आणि हातात टॉर्च असू द्या, उन्हाळ्याच्या रात्री साप ओलाव्याला येतात.

वेळापत्रकाबाबत एक गोष्ट ठासून सांगायची आहे. दुसऱ्या शहराचा छापील नक्शा (सहरी-इफ्तारीच्या वेळांचा तक्ता) किंवा मोबाइलवर आलेला फोटो घरात लावू नका. रेखांशाच्या एका अंशाला सूर्य चार मिनिटं घेतो. नागपूर साधारण 79.1 अंशावर आहे आणि बुलढाणा 76.2 वर, म्हणजे फरक अकरा-बारा मिनिटांचा. नागपूरच्या नक्श्यावर बुलढाण्याकडे रोजा सोडला तर सूर्य अजून वर असतो आणि रोजा जातो. उलट अकोल्याचा नक्शा गडचिरोलीत लावला तर इफ्तारीला नुसता उशीर होईल, पण सहरी सुबह सादिकच्या (पहाट फुटण्याच्या) नंतरपर्यंत चालेल, आणि तोही रोजा गेला. आपल्या किंवा जवळच्या तालुक्याचा नक्शा घ्या, त्यात दोन-तीन मिनिटांची एहतियात (सावधगिरी) ठेवा.

आता एतेकाफ, म्हणजे इबादतीसाठी मशिदीत मुक्काम. रमजानच्या शेवटच्या अशऱ्याचा एतेकाफ हनफी मसलकात (पंथात) सुन्नते-मुअक्कदा (पैगंबरांची ताकीद असलेली प्रथा) आहे, तीही किफाया (सामूहिक). मोहल्ल्यातला एक जरी बसला तरी सगळ्यांची जबाबदारी उतरते, कोणीच बसलं नाही तर सगळे जबाबदार. छोट्या गावात विसाव्या रोज्याच्या असरला (दुपारनंतरच्या नमाजेला) ‘कोण बसतंय?’ अशी शोधाशोध सुरू होते आणि शेवटी एखाद्या म्हाताऱ्या चाचांना बसवतात. त्यांना साखरेचा आजार असतो, डबा वेळेवर येत नाही. हे नाव पंधराव्या रोज्यापर्यंत ठरायला हवं, शक्यतो दोघांचं. पैसे देऊन माणूस बसवणं जायज नाही, तो एतेकाफ होत नाही. या एतेकाफला रोजा शर्त आहे, तेव्हा ज्याला औषधांमुळे रोजा धरता येत नाही त्याला आग्रह करू नये.

विसाव्या रोज्याच्या मगरिबआधी, म्हणजे सूर्य बुडायच्या आत, नियत करून मशिदीत असलं पाहिजे. इफ्तारी घरी करून मग गेलं तर सुन्नत एतेकाफ होत नाही, तो नफिल होतो. बरेच जण इथेच चुकतात, म्हणून असरलाच सामान घेऊन यायचं.

पहिलं काम हद्द समजून घेण्याचं. नमाज होते ती जागा मशीद. वजूखाना, संडास, इमामसाहेबांचा हुजरा (खोली), चपला काढायची जागा, सहसा हे मशिदीच्या शरई हद्दीबाहेर असतं. सहनाचं (अंगणाचं) मात्र जागोजाग वेगळं असतं, ते मुतवल्लींनाच (मशिदीच्या कारभाऱ्यांना) विचारावं. त्यांनी सांगितलेल्या हद्दीवर खडूची रेघ ओढून घ्यावी. हनफी मतानं गरजेशिवाय क्षणभर जरी बाहेर पाय पडला तरी एतेकाफ तुटतो, विसरून पडला तरीही. लघवी-शौच, फर्ज गुस्ल (सक्तीचं स्नान) आणि नमाजेचा वजू ही गरज. संडासाकडे जाताना चालता चालता सलामाचं उत्तर देता येतं, थांबून गप्पा नाही. जनाजाच्या नमाजेला किंवा आजाऱ्याला बघायला बाहेर गेलं तरी तुटतो. गावात मौत झाली की मोतकिफ (एतेकाफला बसलेला) उठून मय्यतीकडे निघतो, माणूस म्हणून ते साहजिक आहे, म्हणून आधीच सांगून ठेवावं. मशिदीत जुमा (शुक्रवारची नमाज) होत नसेल तर जुम्याला दुसऱ्या मशिदीत जाता येतं. आधीच्या सुन्नती आणि खुत्बा (प्रवचन) सापडेल अशा बेतानं निघायचं आणि नंतरच्या सुन्नती पढून परतायचं.

गरमीत अंघोळ हा आपल्याकडचा खरा प्रश्न. नुसतं गार वाटावं म्हणून अंघोळीला बाहेर जाता येत नाही. संडासाला गेलेलं असताना परतताना झटपट दोन-चार तांबे अंगावर घ्यायची मुभा काही उलमा देतात. ती घेण्याआधी आपल्या इमामसाहेबांना विचारा. नाहीतर हद्दीच्या आतच ओल्या पंच्यानं अंग पुसून घ्यावं, खाली ताट किंवा प्लास्टिक ठेवावं, मशिदीची चटई ओली होता कामा नये. आणि खर्रा. बाकी कुठे नसेल इतका हा विदर्भाचा प्रश्न आहे. इफ्तारीनंतर नुसता खर्रा खायला बाहेर पडलं तर एतेकाफ गेला, आणि मशिदीत तो वास, ती थुंकी चालत नाही. ज्याला बसायचंय त्यानं पहिल्या रोज्यापासूनच कमी करत आणावा. विसाव्याला एकदम सोडला तर दोन दिवस डोकं दुखतं, चिडचिड होते, आणि एतेकाफातली पहिलीच ताक (विषम) रात्र त्यात जाते.

सामान थोडकं असावं: पातळ गादी, चादर, मच्छरदाणी (कॉइल नको, धुरानं शेजारच्याचाही घसा बसतो), तीन जोड कपडे, पंचा, मिसवाक, लोटा, ताट-पेला, रोजची औषधं, कुरआन, आणि गजराचं साधं घड्याळ. घड्याळ एवढ्यासाठी की गजराच्या निमित्तानं मोबाइल उशाशी येतो आणि रात्रीचे दोन तास त्यात जातात. घरच्यांशी संपर्क लागतोच, तर बटणांचा फोन ठेवा. पडद्याची दोरी मागच्या कोपऱ्यात बांधावी. पुढे बांधली तर जमातीच्या वेळी सफ तुटते आणि रोज पडदा गुंडाळावा लागतो.

डब्याची पाळी घरावार लिहून मशिदीच्या आत चिकटवावी, इफ्तार वेगळी, सहरी वेगळी. नाहीतर पहिल्या दिवशी पाच घरांतून भजी येतात आणि पंचविसाव्याला सहरीला कोणीच येत नाही. भज्यांचं तर सगळ्या मोहल्ल्यानंच मनावर घ्यायला हवं. इफ्तारीला तळलेलं पोटभर खाल्लं की तरावीहच्या आठव्या रकातीपासून आंबट ढेकर आणि डुलक्या सुरू. तीन खजुरा, दोन पेले पाणी, टरबुजाची फोड किंवा संत्रं, मग मगरिब. जेवण त्यानंतर, तेही थोडं हातचं राखून: भाकर, वरण, भाजी. गरमीत इफ्तार ते सहरी अडीच-तीन लिटर पाणी पोटात जायला हवं, पण एकदम नाही. इफ्तारीला दोन पेले, तरावीहच्या प्रत्येक चार रकातींनंतरच्या बैठकीत अर्धा-अर्धा, तहज्जुदला (झोपेतून उठून पढायच्या रात्रीच्या नमाजेला) उठल्यावर एक, बाकी सहरीला. सहरीच्या शेवटच्या पाच मिनिटांत तांब्याभर पाणी ढोसणाऱ्याला फजरच्या नमाजेत पोट गच्च वाटतं आणि दुपारी तहान लागायची ती लागतेच. सहरीला ज्वारीची भाकर आणि दही टिकतं. लोणचं, पापड नको.

रात्रीचा हिशेब असा. मार्चअखेर अकोल्याच्या आसपास सूर्यास्त 6.35 च्या सुमारास, सुबह सादिक पाचच्या थोडी पुढे. रात्र साडेदहा तासांची. तिचा शेवटचा तिसरा भाग दीडच्या पुढे सुरू होतो. दुआ कबूल होण्याची म्हणून जी वेळ हदीसमध्ये सांगितली, ती हीच. तरावीह आणि वितर (त्यानंतरच्या तीन रकाती) पावणेदहापर्यंत आटोपतात. मोतकिफनं लगेच दहाला झोपावं, दीडला उठावं, सव्वाचारपर्यंत इबादत, मग सहरी, फजर, इशराकपर्यंत (सूर्योदयानंतरच्या नमाजेपर्यंत) तिलावत, मग साडेनऊपर्यंत झोप. ज्याला सकाळी सातला वावरात जायचंय त्याला हे झेपणार नाही. त्यानं दहा ते तीन झोपावं, तीन ते सव्वाचार हा सवा तास पक्का धरावा, आणि दुपारी झाडाखाली पाऊण तास पडावं. हा सवा तास रोज, नऊच्या नऊ रात्री. एका रात्री सलग पहाटेपर्यंत जागून पुढच्या दोन रात्री आडवं होण्यापेक्षा हे कितीतरी पदरात पाडतं. गावात सगळ्यात जास्त रात्री जातात त्या तरावीहनंतर चौकातल्या चहाच्या टपरीवर. दहाचे बारा तिथेच होतात.

त्या सवा तासात काय करायचं? दोन-दोन करून आठ रकात तहज्जुद, निवांत, लांब सजद्यांसह (माथा टेकण्यासह), यात अर्धा तास. मग शंभर वेळा इस्तिगफार (माफी मागणं), शंभर वेळा दरूद (पैगंबरांवर सलाम), शंभर वेळा तिसरा कलिमा (अल्लाहची स्तुती), वीस-पंचवीस मिनिटं. उरलेला वेळ दुआ. दुआ ऐनवेळी आठवत नाहीत, मन ‘या अल्लाह माफ कर’ वरच फिरत राहतं. दिवसा कागदावर नावं लिहून ठेवा: आई-बाप, वारलेले, कर्ज, लेकीचं लग्न, पाऊस. मराठीत मागा, वऱ्हाडीत मागा, नमाजेबाहेर भाषेचं बंधन नाही. शबे-कद्रसाठी (शेवटच्या अशऱ्यातल्या सगळ्यात मोलाच्या रात्रीसाठी) पैगंबरांनी आपल्या पत्नी हजरत आयशा (रजि.) यांना शिकवलेली दुआ तिर्मिजी या हदीससंग्रहात आहे: अल्लाहुम्मा इन्नका अफुव्वुन तुहिब्बुल अफ्वा फअफु अन्नी. अर्थ: ऐ अल्लाह, तू माफ करणारा आहेस, माफी तुला आवडते, मला माफ कर. पाठ करायला दोन दिवस पुरतात.

एक कुरआन पूर्ण करायचा असेल तर दिवसाला तीन पारे (कुरआनच्या तीस भागांपैकी एक म्हणजे पारा) हा हिशेब दहा दिवसांचा झाला. नऊ दिवसांत बसवायचं तर पहिले तीन दिवस चार-चार आणि पुढचे सहा दिवस तीन-तीन. सरावाच्या माणसाला एका पाऱ्याला पाऊण तास लागतो. अटकत वाचणाऱ्यानं या शर्यतीत उतरू नये. दिवसाला अर्धा पारा, पण हरफ (अक्षरं) नीट, आणि हाफिजसाहेबांना (कुरआन पाठ असलेल्यांना) रोज अर्धं पान ऐकवून. आमच्या मते ते जास्त मोलाचं. अरबी येतच नसेल तर येणाऱ्या छोट्या सूरा ऐकून पक्क्या कराव्या आणि मराठी तर्जुमा वाचावा.

सलातुत तस्बीह ही नफिल नमाज बरेच जण पढतात आणि मोजणीत चुकतात. चार रकात, प्रत्येकीत 75, एकूण 300 वेळा ‘सुब्हानल्लाहि वल्हम्दुलिल्लाहि व लाइलाह इल्लल्लाहु वल्लाहु अकबर’. एक तरीका असा: सनानंतर (सुरुवातीच्या स्तुतीनंतर) 15, सूरा पढून झाल्यावर 10, रुकूत (कमरेत वाकून) 10, रुकूतून उठून 10, पहिल्या सजद्यात 10, दोन सजद्यांच्या मधे 10, दुसऱ्या सजद्यात 10. दुसऱ्या रकातीपासून ते 15 अल्हम्दच्या (कुरआनच्या पहिल्या सूरेच्या) आधी. बोटं उचलून मोजू नका, जिथे आहेत तिथेच एकेक दाबत जा. एखाद्या जागी राहिलं तर पुढच्या रुक्नात (नमाजेच्या टप्प्यात) भरून काढा, पण रुकूतलं राहिलेलं सजद्यात, रुकूनंतरच्या छोट्या उभं राहण्यात नाही. ही नमाज एकेकट्यानं पढायची, बोलावून जमात करायची नाही.

ज्याच्या फर्ज नमाजा बाकी आहेत त्यानं नफिलच्या जागी कजा (राहून गेलेल्या नमाजा) पढाव्यात. एका दिवसाच्या कजा म्हणजे 17 फर्ज आणि 3 वितर, एकूण 20 रकात. अलविदा जुम्याला (रमजानच्या शेवटच्या शुक्रवारी) चार रकात पढल्या की जन्मभराच्या कजा माफ, असं कोणीतरी दर वर्षी पसरवतं. त्याला आधार नाही. एक-एक नमाज फेडावीच लागते.

बायकांचा अशरा चुलीपाशी जातो, हे खरं आहे आणि त्याला इलाज पुरुषांच्या हातात आहे. ताटात तीन पदार्थ कमी झाले की घरातल्या बाईला असर ते मगरिब मिळते. हनफी मतानं बाईचा एतेकाफ घरातल्या नमाजेच्या जागी होतो. खोलीचा एक कोपरा ठरवून घ्यावा, नवऱ्याची संमती घ्यावी, आणि मग त्या कोपऱ्यातून उठून चहा टाकायला जाता येत नाही, म्हणून आधी स्वयंपाक बघणारं कोणी आहे का ते पाहावं. नसेल तर बसू नये. घर सांभाळून दोन तास मुसल्ल्यावर (नमाजेच्या चटईवर) बसलं तरी चालतं. पाळी आली तर नमाज, रोजा, तिलावत थांबते आणि एतेकाफही तुटतो. पण जिक्र (अल्लाहचं स्मरण), दरूद, दुआ चालू ठेवता येतात. शबे-कद्र अशा बाईच्या वाट्याला येत नाही, हा निव्वळ गैरसमज.

सत्ताविसावीबद्दल थोडं कडक बोलावं लागेल. हदीसमध्ये शबे-कद्रचा शोध सांगितलाय तो शेवटच्या अशऱ्यातल्या ताक रात्रींमध्ये: 21, 23, 25, 27, 29. गाव मात्र एकच रात्र धरतं. लायटिंग, बिर्याणीची डेग, भोंग्यावर बयान. रात्री दहा ते सकाळी सहा भोंगा कायद्यानंही बंद आहे, शेजारी आजारी असतात, लेकरांच्या परीक्षा असतात. आवाज मशिदीच्या आत ठेवला तर मोतकिफलाही सजदा मिळतो. आणि त्या रात्री खत्मे-कुरआन (तरावीहमधलं कुरआनपठण पूर्ण) झाला की हाफिजसाहेबांना हार घालून लोक जे जातात ते ईदगाहवरच दिसतात. तरावीह चाँद दिसेपर्यंत सुन्नत आहे, खत्म झाल्यावर छोट्या सूरांनी ती वीस रकात पाऊण तासात होते. एकोणतिसावी रात्रही ताक रात्रच आहे, आणि तिला मशीद रिकामी असते. ज्याला एकांत हवा त्याच्यासाठी सगळ्यात चांगली रात्र तीच.

सदका-ए-फित्र (ईदचं सक्तीचं दान) पंचविसाव्यापर्यंत पोचवावा, म्हणजे घेणाऱ्याच्या घरीही शेवया होतात. माणशी गव्हाचा अर्धा साअ (जुनं अरबी माप), सावधगिरीनं पावणेदोन किलो. काही उलमा दोन किलो 45 ग्रॅम सांगतात, आपल्या मशिदीचं वजन पाळा. सहा माणसांचं घर असेल तर पावणेदोनच्या हिशेबानं साडेदहा किलो गहू किंवा त्याची किंमत. आपण खातो तोच गहू द्यायचा, कीड लागलेला निवडून नाही. ईदच्या पहाटेआधी जन्मलेल्या बाळाचाही द्यावा लागतो. ऐपत असलेल्यानं खजूर किंवा मनुक्यांच्या भावानं द्यावा, तेव्हा वजन पूर्ण साअचं, साडेतीन किलो.

एकोणतिसाव्या संध्याकाळी मोतकिफनं गादी गुंडाळून बसू नये. चाँदची पक्की खबर इमामसाहेबांकडून येईपर्यंत पडदा बांधलेलाच राहू द्या; मोबाइलवर दुसऱ्या देशाचा चाँद फिरत असतो आणि त्यावर उठून गेलेल्याचा एतेकाफ मोडतो. चाँद पक्का झाला की एतेकाफ संपला. मधेच कोणाचा तुटला असेल तर हनफी मतानं त्या एका दिवसाची कजा आहे: मगरिबपासून दुसऱ्या मगरिबपर्यंत, रोज्यासह. रमजानचे दिवस उरले असतील तर त्यातच करता येते. नाहीतर ईदनंतर कधीही, फक्त दोन्ही ईद आणि बकरीदनंतरचे तीन दिवस सोडून, कारण त्या दिवशी रोजा धरता येत नाही.